अण्णांचं मिस्त्रीपण

चैत्र सरत आला की आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर येऊ लागतो. वळणावर अडखळतो, गिअर बदलताना कण्हल्यासारखा आवाज करतो आणि समोरच्या कडुनिंबाखाली येऊन थांबतो. बायका निळे पिंप आणि प्लास्टिकच्या नळ्या घेऊन खाली उतरतात. आमच्या इमारतीला बोअरचं पाणी आहे, त्यामुळे मला खाली जावं लागत नाही. मी गॅलरीतूनच बघते. पण तापलेल्या इंजिनाचा डिझेलमिश्रित वास आणि सांडलेल्या पाण्याने भिजलेल्या फुफाट्याचा वास एकत्र होऊन वर आला की मला गॅलरीत उभं राहवत नाही. कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटतं. मी आत जाते आणि काहीतरी निवडायला घेते. तांदूळ, शेंगा, जे हाताला लागेल ते.

लोक म्हणतात, जुने दुष्काळ आठवले की भूक आठवते. मला लाज आठवते. भूकही होतीच, पण भूक सगळ्या गावाची होती. लाज आमच्या एकट्या घराची होती.

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. आमचं गाव घोडेगावच्या बैलबाजारापासून पूर्वेला, शेवगावच्या अंगाला. तिकडची जमीन मुळात चिकट आणि कंजूष. पाऊस झाला तरी ती हात राखूनच द्यायची. त्या वर्षी तिने काहीच दिलं नाही. माणसं बैल घेऊन घोडेगावला जात आणि संध्याकाळी नुसता कासरा हातात घेऊन परत येत. येताना कुणी कुणाशी बोलत नसे. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला सगळं गाव जाई. आईच्या तळहाताला फोड यायचे, ते फुटायचे आणि त्यावर पुन्हा हातोडीचा दांडा बसायचा. रेशनवर मिलो, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळे. तिच्या भाकरीला रंग यायचा विटकरीसारखा आणि घास घशाखाली उतरताना जणू विचारून उतरायचा. शाळा नावाला भरे. गुरुजी फळ्यावर तारीख लिहीत आणि आम्ही खिडकीतून रस्त्याकडे बघत बसू. टँकर दिसला की सगळा वर्ग दप्तरं टाकून घराकडे हंडे आणायला पळायचा आणि गुरुजी त्यात सगळ्यांच्या पुढे असत.

आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. गाव त्यांना ‘मिस्त्री’ म्हणे. किसन हे त्यांचं खरं नाव बहुधा तलाठ्याला आणि आईच्या माहेरच्यांनाच ठाऊक असावं. माझ्या लहानपणी ते नगरजवळ भिंगारला लष्कराच्या नोकरीत होते. मी शाळेत जायला लागले त्या सुमारास नोकरी सोडून गावी आले. येताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक, दोन खाकी सदरे आणि भिंगारच्या जुन्या बाजारात घेतलेले, नट आवळायचे चार पाने आणले होते. पाने किरमिजी फडक्यात गुंडाळलेले असत. ते बघूनच गावाने ठरवलं की हा माणूस लष्कराचे ट्रक दुरुस्त करायचा. अण्णांनी नाही म्हटलं नाही.

आणि मिस्त्रीपण त्यांना शोभतही होतं. कुणाचं विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की अण्णांना बोलावणं येई. ते सदऱ्याच्या बाह्या दुमडत, इंजिनाभोवती एक फेरी मारत, उघडता येईल तेवढं उघडत, फडक्याने स्वच्छ पुसत, फुंकर मारत आणि परत बसवत. इंजिन बहुतेक वेळा चालू होई. इंजिनं बहुतेक वेळा कचऱ्यानेच बंद पडतात, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मला वाटे, आमच्या अण्णांच्या फुंकरीत काहीतरी आहे. ‘माझे वडील’ या निबंधात मी लिहिलं होतं की लष्कराच्या मोठमोठ्या गाड्या माझ्या वडिलांना ओळखतात. गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला. मी मान ताठ करून बसले होते.

टँकर म्हणजे तरी काय, नगरच्या एका ठेकेदाराने लिलावात घेतलेला लष्कराचा जुनाट ट्रक. त्याच्या पाठीवर लोखंडी टाकी चढवलेली. दारावरचा निळा रंग खरवडला की खालून हिरवा डोकावे. चालवायला रशीदभाई होते, भिंगारचेच. अंगाने रोड, डोक्याला कायम ओला रुमाल. क्लीनर त्यांना सोडून गेला होता, तेव्हा सगळं एकटेच बघत. बॅटरी मेलेली, म्हणून ते इंजिन शक्यतो बंदच करत नसत. “ही म्हातारी झोपली की उठत न्हाई,” असं म्हणायचे. पाणी आडात सोडलं तर कोरडा खडकच ते पिऊन टाकी, म्हणून टाकीच्या नळीने थेट हंड्यांत द्यायचं ठरलं होतं. टँकर उभा राही त्या चिंचेपासून चावडीपर्यंत बायकांची रांग जाई.

एका दुपारी ट्रक गावाबाहेरचा चढ चढताना खोकायला लागला. धक्के देत देत कसाबसा चिंचेखाली आला आणि गपगार झाला. त्या दिवशीचं पाणी वाटून झालं, पण ट्रक काही हलेना. रशीदभाईंनी बॉनेट उघडलं. टाकीतलं डिझेल बघितलं, फिल्टर काढून धुतला, मग पंपाची मूठ दाबत दाबत नळीतली हवा काढली. फेस येऊन येऊन शेवटी डिझेलची स्वच्छ धार आली. गावातल्या तरण्या पोरांनी उतारावर धक्का मारला. ट्रक सुरू झाला, सगळे हो करून ओरडले आणि ओरडणं संपायच्या आत तो पुन्हा बंद पडला. परत हवा काढली, परत धक्का मारला. परत तेच.

“कुठंतरी हवा घेतीय,” रशीदभाई म्हणाले. “नळीच्या जोडात. वायसर गेला असंल. शांतपनी बघावं लागंल.”

अण्णा शेजारी उभे राहून मान हलवत होते. लोक रशीदभाईंकडे कमी आणि अण्णांच्या मानेकडे जास्त बघत होते.

ऊन उतरल्यावर आईने माझ्या हाती किटलीत गुळाचा चहा आणि फडक्यात भाकरी देऊन पाठवलं. मिस्त्रीच्या गावात ड्रायव्हर उपाशी राहिला तर नाव कुणाचं जाईल, असं ती म्हणाली. मी ट्रकच्या पुढच्या बाजूने गेले. ते दोघं पलीकडे चाकाला टेकून बसले होते. त्यांना मी दिसत नव्हते.

“किसनभाऊ, वळखलं न्हाई व्हय मला?” रशीदभाई हसत म्हणाले. “आवो, भाजीची गाडी घेऊन मी लंगरात यायचो. तुमी परातीपाशी बसून पीठ मळत असायचे. तुमच्या हातच्या रोट्या! मी मुद्दाम जेवायच्या टायमाला गाडी आणायचो.”

चाकापाशी कुणीतरी घाईने सरकल्याचा आवाज आला.

“हळू बोला, रशीदभाई,” अण्णा म्हणाले. “हितं कुनाला ठावं न्हाई.”

रशीदभाईंचा आवाज आला, मघापेक्षा कितीतरी हलका. “मंग मला बी ठावं न्हाई.”

लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, एवढं मला ठाऊक होतं. गरम चहा किटलीच्या तोटीतून माझ्या पायावर सांडत होता, ते मला कळलं तेव्हा पाय लाल झाला होता. मी चहा आणि भाकरी ट्रकच्या पायरीवर ठेवली आणि घरी आले.

काही गोष्टी एकदम उलगडतात आणि उलगडल्या की नकोशा होतात. आई तापाने पडली की अण्णा स्वयंपाक करायचे. दाराला आतून कडी लावून. मला वाटे, कुत्री शिरतात म्हणून कडी. त्या दिवशी जेवायला इतकी मऊ, फुगलेली रोटी मिळे की आई आजारी पडावी असं मनात येई. आता त्या कडीचा अर्थ लागला. आमच्या गावात पुरुषाने चुलीपुढे बसणं म्हणजे काय होतं, हे आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. पाणी शेंदणारा पुरुष दिसला तर बायका पदराआड हसत. आणि माझे वडील खाकी सदरा घालून, लष्करात, वर्षानुवर्षं पीठ मळत होते. त्या संध्याकाळी ते जेवायला बसले तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचे हात नीट पाहिले. रुंद, स्वच्छ हात. मिस्त्रीच्या नखांत काळं असतं. अण्णांच्या नखांत कधीच नव्हतं. एवढी साधी गोष्ट मी कशी पाहिली नव्हती?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने रशीदभाई वायसर आणायला नगरला निघाले. जाताना सगळ्यांसमोर सांगून गेले, “मी येईस्तोवर गाडीला कुनी हात लावू नका.” सांगताना त्यांनी अण्णांकडे पाहिलं नाही. मला ठाऊक आहे, ते सांगणं अण्णांना वाचवण्यासाठी होतं.

पण ऊन वर आलं तशी रिकामे हंडे घेऊन बायका चिंचेखाली जमल्या. पाठोपाठ सरपंच आले, कामावर न गेलेले बाप्ये आले. पारूआत्या म्हणून आमच्या गल्लीत एक म्हातारी होती, सगळ्या गावाची आत्या. ती बोलली, “आरं मिस्त्री, तू गावात असताना आमी कोरड्या घशानं बसायचं व्हय?”

“रशीदभाई येऊ द्या की,” अण्णा म्हणाले.

“त्यो येईल तवा येईल,” सरपंच म्हणाले. “तू तर लष्कराच्या गाड्या उघडल्यास. ह्यो बी लष्कराचाच हाय. तुला वळखंल.”

सगळे हसले. चांगलं, विश्वासाचं हसू होतं ते. अण्णांनी गर्दीवरून नजर फिरवली. ती माझ्यापाशी आली तेव्हा मी खाली बघितलं. मला कळलंय हे त्यांना कळलं की नाही, मी कधी विचारलं नाही. त्यांनी बाह्या दुमडल्या.

बॉनेट उघडल्यावर त्यांनी आधी सगळं पुसलं. पुसण्यात बराच वेळ गेला. मग जोड. रशीदभाई म्हणाले होते, जोडात हवा घेतेय. तेव्हा जोड घट्ट करायचे, एवढं त्यांच्या मनाने घेतलं असावं. ते एकेक नट आवळू लागले. लोक वाकून बघत होते, कुणी म्हणत होतं, “आता झालंच.” पंपाजवळच्या नळीचा नट त्यांनी आवळला, पुन्हा आवळला, पाय रोवून आणखी जोर लावला. वाळकी शेंग मोडावी तसा आवाज झाला. डिझेलची धार त्यांच्या सदऱ्यावर उडाली.

त्यांनी तिथे फडक्याचा बोळा दाबला. बराच वेळ आत वाकून राहिले. मग वर येऊन म्हणाले, “आतला पार्टच गेलाय. नगरहूनच आनावा लागंल.”

लोकांनी मान डोलावली. कुणाला शंका आली नाही. ते एकमेकांना सांगत होते, पार्ट गेलाय, मिस्त्री म्हणाले. मला वाटलं, निदान एकाने तरी शंका घ्यायला हवी होती.

उन्हं कलताना रशीदभाई परतले. त्यांच्या हातात कागदात बांधलेले वायसर होते. त्यांनी बॉनेट उघडलं, बोळा बघितला, काढला, फुटलेल्या नटावर बोट फिरवलं. अण्णा चार पावलांवर उभे होते. रशीदभाई वळले आणि लोकांना म्हणाले, “जुनी नळी, तुटली. आता मालकाला निरोप द्यावा लागंल.”

मालक येईपर्यंत गाव पाण्यावाचून राहिलं. ओढ्याच्या वाळूत झिरा खणून बायका वाटीवाटीने पाणी भरू लागल्या. आई खडीवरून आली की तिकडे जाई. पारूआत्या झिऱ्यात उतरताना दगडावर घसरली आणि तिचा हात मनगटातून सुजला. तिच्या हाताला हळद लावून फडकं बांधलेलं मी पाहिलं आणि त्या गल्लीतून जाणं सोडलं. अण्णा दोन्ही वेळा जेवणावरून उठून जात. आई त्यांना काही विचारत नव्हती. विचारत नव्हती म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

मालक, तो नगरचा ठेकेदार, जीपमधून आला. पांढरे कपडे, पायात चकचकीत बूट. त्याने नट हातात घेऊन उन्हात धरला. “ह्यो जुना होऊन तुटलेला न्हाई,” तो म्हणाला. “पाना लावून, जोर करून फोडलाय. इतकी वर्सं गाडी चालवतो, आन तुला एवढी अक्कल न्हाई?”

“चूक झाली, मालक,” रशीदभाई म्हणाले.

“सगळ्या गावाचं पानी तोडलंस. सरकारला काय उत्तर देऊ मी? उचल तुझं बोचकं आन चालू लाग. मला दुसरा ड्रायव्हर मिळंल.”

रशीदभाई केबिनमध्ये चढले, सतरंजी खाली काढली आणि तिची वळकटी करू लागले. सगळं गाव बघत होतं. बिचाऱ्याची चूक झाली खरी, असं कुणीतरी हळहळलं. अण्णा माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते, धुतलेल्या खाकी सदऱ्यात. डिझेलचा डाग गेला नव्हता. ते आता बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे बघत होते. वळकटीला सुतळी बांधली गेली. अजून आवाज नाही. आयुष्यात मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. आणि ती पीठ मळण्याची नव्हती, हे मला उभ्या जागी लख्ख कळलं.

तेवढ्यात झिऱ्याकडून आई आली. हंड्यात निम्मं गढूळ पाणी. तिने गर्दी बघितली, वळकटी बघितली. हंडा डोक्यावरून उतरवून खाली ठेवला आणि अण्णांजवळ येऊन म्हणाली, “तुमी बोलता का मी बोलू?”

आवाज चढवला नव्हता तिने. तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

अण्णा पुढे झाले. “मालक, नट मी फोडला.”

“तू कोन?”

“मला हितं मिस्त्री म्हनत्यात. पर मी मिस्त्री न्हाई.” ते थांबले. त्यांनी दोन्ही हात पोटापाशी एकमेकांत धरले होते, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे. “भिंगारला मी लंगरात हुतो. पीठ मळायचो, रोट्या भाजायचो. गाडी मला उघडता येत न्हाई. ह्या मानसाला ते ठावं हुतं. माझी लाज राखायची म्हनून त्यो गप बसला. त्याला काढू नका.”

मग मागून कुणीतरी म्हणालं, “रोट्या?” आणि हसलं. त्याच्या शेजारचा हसला. मग हसू पुढे सरकत सरकत गर्दीच्या टोकापर्यंत गेलं. त्या दुष्काळात गाव इतकं कधी हसलं नसेल. नळी तोडली, पाणी तोडलं, याचं कुणाला काही वाटलं नाही. पुरुषाने पीठ मळलं याचंच सगळ्यांना हसू आलं. पारूआत्या तेवढी हसली नाही. फडकं बांधलेला हात दुसऱ्या हातात धरून ती म्हणाली, “मंग त्या दिशी सांगायचं न्हाई व्हय रं, लेकरा?”

अण्णांनी त्या हसण्याला तोंड दिलं होतं. आत्याच्या या प्रश्नापुढे ते खाली बसले.

मालक वैतागून म्हणाला की आता भरून कोण देणार. तेव्हा अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले, “गाडीवर क्लीनर न्हाई. पाऊसकाळापतोर मी राबतो. फुकाट.” मालकाने खांदे उडवले. रशीदभाईंनी वळकटीची सुतळी सोडली.

त्या रात्री आईला मी विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“लगीन ठरलं तवाच त्यांनी सांगितलं हुतं,” ती भाकरी थापत म्हणाली. “मला सांगितलं. गावाला न्हाई सांगता आलं त्यांना.” मग थोड्या वेळाने, “मानसानं पीठ मळलं तर काय हुतं गं? काई न्हाई हुत. पर गावाला लई काय काय हुतं.”

नगरहून खरा मिस्त्री आला, नवी नळी बसली, पाणी सुरू झालं. आणि अण्णा आपल्याच गावात, त्या वयात, क्लीनर झाले. लोक त्यांना ‘रोट्या मिस्त्री’ म्हणू लागले. विहिरीवरच्या इंजिनाला त्यांना कुणी बोलवेना. खरं तर पुसण्या-फुंकण्याचं काम त्यांना अजूनही तितकंच येत होतं. पण नाव गेल्यावर फुंकरीचंही काही चालत नाही. वर्गात मी शिरले की मागच्या बाकांवरची मुलं तळहातावर तळहात मारून भाकरी थापल्याचा आवाज काढत. गुरुजी फळ्याकडे तोंड करून उभे राहत. त्यांना माझा निबंध आठवत असावा.

सगळ्यांत कठीण होती पाण्याची रांग. टाकीची नळी अण्णांच्या हातात असे. ज्या बायकांचं पाणी त्यांनी तोडलं त्यांचे हंडे ते रोज भरत. कुणी टोमणा मारी, कुणी नुसतं हसे. ते “व्हय, व्हय” म्हणत आणि नळी पुढच्या हंड्यात सोडत. माझा नंबर आला की ते माझ्याकडेही वर बघत नसत. माझा हंडा इतरांइतकाच भरे, गळ्यापर्यंत, थेंब जास्त नाही. मी तो उचलून इतक्या भरभर चालायचे की निम्मं पाणी वाटेत अंगावर सांडायचं. आई विचारायची, पळत येतीस का?

आणि अण्णा प्रश्न विचारायचे. हे मला अजिबात सहन होत नसे. रशीदभाई बॉनेट उघडून काही करत असले की अण्णा सगळ्यांदेखत मोठ्याने विचारत, “ह्याला काय म्हनत्यात? ह्यो कशापायी?” मागून कुणीतरी हसायचं. रशीदभाई मात्र एखाद्या पाहुण्याला घर दाखवावं तसं सगळं सांगायचे. अण्णा ऐकून घेत, बोट लावून बघत, नाही समजलं तर पुन्हा विचारत. मला वाटे, निदान एकांतात तरी विचारा.

एकदा टँकर जिथे भरत त्या विहिरीवर मी त्यांचं जेवण घेऊन गेले होते. टाकी भरेपर्यंत ते ट्रकच्या सावलीत बसले. मी विचारलं नव्हतं, तरी स्वतःच म्हणाले, “सुमे, खोटं बोलायचं म्हनून कुनी ठरवीत न्हाई. गावी आलो तवा एकानं इचारलं, लष्करात गाड्यांवर व्हता न्हवं? मी म्हनलं, व्हय. एवढंच. मंग रोज सकाळी उठून त्यो व्हय सांभाळत बसलो.” मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हसले. “तुझ्या आईची भाकर हल्ली करपती. खडीनं हात दुखत्यात तिचे.” त्या दिवसापासून संध्याकाळच्या भाकरी अण्णा करू लागले. कडी न लावता. शेजारची पोरं दारात उभी राहून बघत. मी पाठ करून अभ्यासाला बसायचे.

आता मी त्या वेळच्या अण्णांपेक्षा वयाने कितीतरी मोठी आहे. ते जाऊनही बरीच वर्षं झाली. नातेवाइकांत त्यांची आठवण निघाली की कुणीतरी म्हणतं, मिस्त्री भला माणूस. काळाने त्यांना ते नाव परत दिलं, पुढच्या पिढीला त्यामागचं हसू माहीत नाही. मी दुरुस्त करत नाही. पण अशा वेळी मला माझ्या नातवंडाला उठवून माझ्यासमोर बसवावंसं वाटतं आणि त्या उन्हाळ्यातला शेवटचा, किंवा माझ्या मनात शेवटचा होऊन राहिलेला, एक प्रसंग सांगावासा वाटतो.

तो शुक्रवार होता. वरच्या आळीचं पाणी वाटून होत आलं होतं आणि ट्रक मग खालच्या वस्तीवर जायचा होता. रशीदभाई इंजिन चालू ठेवून नमाजाला पलीकडच्या वाडीत गेले होते. अण्णा नळी धरून उभे. एकाएकी इंजिन खोकलं, दोनदा थरथरलं आणि बंद पडलं. खालच्या वस्तीची माणसं वाट बघून वर आलीच होती. कुणीतरी सवयीने ओरडलं, “रोट्या मिस्त्री, बघा की!” थोडं हसू झालं. पण सरपंच हसले नाहीत. ते पुढे येऊन अगदी साध्या आवाजात म्हणाले, “किसनराव, रोज बघता तुमी. आता येत असंल की तुमाला. करा सुरू. लोकं खोळंबलीत.”

किसनराव म्हणाले ते. गावात अण्णांना असं कुणी म्हटल्याचं मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. खालच्या वस्तीतला एक जण लगेच म्हणाला, “व्हय, येतंय त्यांना. मी बघितलंय.” हसू थांबलं. बायका रांगेतून बाजूला होऊन बघू लागल्या. पाना ट्रकच्या पायरीवरच पडला होता.

अण्णांनी नळी टाकीच्या कडीत अडकवली. बॉनेटपाशी गेले. ते उघडलं आणि आत बघत राहिले. हात पुढे गेलेला मला दिसला. हवा कशी काढायची हे त्यांना आता ठाऊक होतं; रशीदभाईंबरोबर कितीदा तरी मूठ दाबली होती त्यांनी. बहुधा जमलंही असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, करा अण्णा, करा. मला ते हवं होतं. वर्गातल्या त्या थापण्याच्या आवाजासाठी, मागच्या बाकांसाठी, मला ते फार हवं होतं.

त्यांनी हात मागे घेतला.

“थोडं कळतं मला,” ते वळून म्हणाले. “पुरतं न्हाई कळत. रशीदभाई येऊ द्या.”

“आवो, पर लोकं...” सरपंच म्हणाले.

“येऊ द्या त्यांना.”

खालच्या वस्तीतला माणूस काहीतरी पुटपुटला आणि थुंकला. सरपंचांनी छत्री उघडली. अण्णा चाकाशेजारी उन्हात उभे राहिले, कारण सावलीत बायका बसल्या होत्या. आता ते कुणीच नव्हते. ना मिस्त्री, ना नीट क्लीनर. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर होत्या आणि त्या नजरांखाली ते नुसते उभे होते. माझा हंडा भरलेला होता. मला घरी जाता आलं असतं. रोज मी तेच करत आले होते. मी हंडा खाली ठेवला, त्यातलं तांब्याभर पाणी काढलं आणि सगळ्या रांगेसमोरून चालत त्यांच्यापाशी नेलं. चेहरा पेटल्यासारखा झाला होता माझा. मागे कुणीतरी तळहातावर तळहात मारला.

अण्णांनी तांब्या वर धरून पाणी प्यायलं, उरलेलं हनुवटीवरून गळ्यात उतरलं. तांब्या परत देताना त्यांनी बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे बघितलं. मी परत गेले नाही. वाडीच्या वाटेवर रशीदभाईंचा ओला रुमाल दिसू लागेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उन्हात उभे होतो.